सतरा पानांखालची सही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, विषय सेंद्रिय रसायनशास्त्र, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या पेनाने आणि पाठीमागे कोणीही उभे नसताना लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असते तर मी लिहिलेच नसते, हे मला ओळखणारे सांगतील. माझी अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनापर्यंत उतरले आणि त्यांच्या टेबलावरच्या जंतुनाशकाच्या बाटलीवर टक्केवारी चुकीची छापली आहे हेही दाखवले. दाखला लगेच मिळाला.

माझी भाची वकील आहे. तिने मला छापील नमुना दिला होता. त्यात मिळकतीसाठी दोन पाने होती आणि कारणांसाठी अर्धी ओळ. म्हणून मी साधे आखीव कागद घेतले. याआधी गेल्या वर्षी केलेला कच्चा मसुदा रद्द समजावा. तो का रद्द केला ते कलम सातमध्ये येईल.

१. राहते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी माझ्या पतीला (यापुढे 'हे') मिळावी. ह्यांच्यानंतर घर भाचीचे. हे व्यवसायाने मुद्रितशोधक. माझा एकही शोधनिबंध ह्यांच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नाही. मी एकदा म्हणाले होते, "अहो, यातलं तुम्हाला काय कळतं?" तर म्हणाले, "काहीच नाही. म्हणून तर चुका दिसतात." त्रेचाळीस वर्षांत ह्यांनी मला एकदाही 'उशीर का झाला' असे विचारले नाही. दार उघडून एवढेच विचारायचे, "झाली का?" म्हणजे अभिक्रिया. झाली नाही म्हटले की चहा जास्त गोड व्हायचा. मी ह्यांची फार ऋणी आहे, आणि हे तोंडाने सांगायला मला कधी जमले नाही म्हणून येथे लिहून ठेवते. दूध मोजायचे काचेचे चंचुपात्र घरातच राहावे. ते मी प्रयोगशाळेतून आणले होते. कोरे होते, घाबरू नये.

२. बँकेतली शिल्लक. ह्यांच्या हयातीत ह्यांची, उरेल ती भाचीची. आकडे पासबुकात आहेत. ते पाहून कोणी भांडेल असे नाहीत.

३. माझी आरामखुर्ची. ही मामांना द्यावी. मामा म्हणजे आमच्या मजल्यावरच्या दोन प्रयोगशाळांची काचभांडी छत्तीस वर्षे धुणारे गृहस्थ. साऱ्या विभागाचे ते मामा होते, कुलगुरूंचेसुद्धा. मी आधी त्यांना माझी काचेची उपकरणे द्यायची ठरवली होती. ते म्हणाले, "मॅडम, जन्मभर तीच घासली. आता म्हातारपणी परत तीच देताय होय?" म्हणून खुर्ची. मामा, हिच्यावर बसा आणि काहीही धुऊ नका. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे सत्य मला तुमच्याकडून समजले. ते पुढे येईल.

४. निर्वात पंप. माझ्या शेजारच्या प्रयोगशाळेतील सहकारी, ज्यांना सगळे 'अत्तरवाले सर' म्हणत (ते गंधकाच्या संयुगांवर काम करीत आणि त्यांच्या प्रयोगशाळेत यायला पाहुणे नाक धरीत), यांनी माझ्याकडून एक पंप 'दोन दिवसांसाठी' नेला. ते दोन दिवस एकोणीस वर्षे चालले. मी मागितला की म्हणायचे, "अहो बाई, आत्ताच चालू केलाय, गरम आहे." या पंपावरचा हक्क मी सोडत आहे. सर, तो तुम्हाला लखलाभ होवो. तुम्ही माझा पंप नेलात, पण तुमच्याकडून माझ्याकडे न कळत जे आले त्यावर माझ्या कामाची शेवटची बारा वर्षे उभी राहिली. हिशेब केला तर मीच फायद्यात आहे.

५. सुवर्णपदक. हे पदक वितळवावे किंवा विकावे, पण माझ्या नावाने कोठेही ठेवू नये. याचे कारण सांगणे भाग आहे, आणि ते रसायनशास्त्र न शिकलेल्यांनाही कळेल असे सांगते.

औषधे आणि रंग बनवताना कार्बनच्या दोन कड्या एकमेकींना जोडाव्या लागतात. त्या आपणहून जोडल्या जात नाहीत, मध्यस्थ लागतो. त्याला उत्प्रेरक म्हणतात. या कामातला नेहमीचा मध्यस्थ म्हणजे पॅलेडियम, एक महागडा धातू. जोडीला विषारी द्रावके, आणि ती शेवटी कोठल्या तरी नाल्यात जातात. माझा सगळा जन्म एका हट्टात गेला: हे काम कमी घाणीत झाले पाहिजे. पंचेचाळिसाव्या वर्षी मला ते जमले असे वाटले. साधे पाणी, लाकडाची राख, थोडी ऊब, आणि कड्या जुळल्या. धातू नाही. मी निबंधाच्या मथळ्यातच लिहिले, 'धातूविना'. पदक मिळाले, देशोदेशीची बोलावणी आली. मी भाषणात राखेची चिमूट दाखवायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. माझे डोके हवेत गेले होते हे मी नाकारत नाही.

पाण्यातले मिश्रण ढवळायला आम्ही भांड्यात बोटाच्या पेराएवढे, पांढऱ्या आवरणाचे मॅग्नेट टाकतो. खालचे यंत्र फिरले की ते फिरते. आमच्याकडे असे एक जुने मॅग्नेट होते, चरे पडलेले, करड्या डागाचे. त्याला आम्ही 'आजोबा' म्हणायचो. आजोबा टाकले की अभिक्रिया हमखास व्हायची. इतर जुनी मॅग्नेटेही चालायची, पण पाहुणे आले की मी आजोबांनाच काढायचे. कोणी त्याला अंधश्रद्धा म्हटले तर मी हसायचे. एका शास्त्रज्ञाला यावरून शंका यायला हवी होती. मला आली नाही.

शंका जिला आली तिच्याविषयी पुढचे कलम आहे.

६. माझे लिहायचे टेबल, सर्व पुस्तके, आणि खिडकीतली पाण्याची बाटली. हे सर्व माझ्या सतराव्या नव्हे, पंधराव्या (आधी चुकून सतरावी लिहिले, सतरा हा आकडा डोक्यात का बसला आहे ते लगेच कळेल) विद्यार्थिनीला मिळावे. प्रयोगशाळेत तिला 'शंकाताई' म्हणत. ती चोविसाव्या वर्षी आली आणि पहिल्याच दिवशी मामांना म्हणाली, "मला सगळं कोरं द्या. भांडी, नळ्या, मॅग्नेट, सगळं." मुलगी नखरेल आहे असे आम्ही ठरवून टाकले.

तिने माझी गाजलेली अभिक्रिया करून पाहिली. झाली नाही. पुन्हा केली. राख बदलली, पाणी बदलले, ऊब वाढवली. झाली नाही. असे सतरा वेळा.

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम होता, आणि तो मीच घातला होता. वहीच्या प्रत्येक पानाखाली छापलेले असायचे: 'वाचले, समजले', आणि पुढे साक्षीदाराच्या सहीसाठी रेघ. प्रयोग होवो न होवो, मार्गदर्शकाने वाचून सही करायची. सही नसलेले पान पदवीच्या समितीपुढे कागद म्हणूनही चालत नसे. मी शंकाताईच्या सतराही पानांवर सही केली नाही. वही परत तिच्या टेबलावर टाकली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

ती म्हणाली, "मॅडम, अंगण बघितलं का पण कुणी?"

मी म्हणाले, "चौदा जणांच्या हातून होतं आणि तुझ्याच हातून होत नाही. दोष कुणाचा?"

ती महिनाभर मान खाली घालून काम करत राहिली. मग साडेतीन वर्षांचे काम टाकून, पदवीवाचून निघून गेली. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवून गेली, कारण वह्या प्रयोगशाळेच्या मालकीच्या असतात. मी ती कपाटात कोंबली. त्या दिवशी मला, खरे सांगायचे तर, सुटल्यासारखे वाटले.

दोन वर्षांनी तीन वेगवेगळ्या देशांतून पत्रे आली: आपली अभिक्रिया आमच्याकडे होत नाही. तेव्हा कोठे मी मामांकडे गेले आणि त्या मुलीला काय काय दिले होते ते विचारले. मामा हात पुसत म्हणाले, "कोऱ्या पाकिटातलं मॅग्नेट दिलं होतं. बाकी सगळ्यांची जुनी. तुमची अन् अत्तरवाले सरांची मी एकाच परातीत धुतो ना, कुठलं कुणाचं कोण बघतंय. सरांची काळी पडलेली असायची, त्या महाग धातूनं, पॅलेडियम का काय ते. आजोबा तिकडनंच आलेत." मग म्हणाले, "ती पोरगी चार दिवस हेच विचारत होती. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मी बोललो नाही."

मी त्याच दुपारी दोन भांडी लावली. एकात आजोबा, एकात कोरे मॅग्नेट. संध्याकाळी आजोबांच्या भांड्यात शंभरातले चौऱ्याण्णव भाग जुळले होते. दुसऱ्यात नुसती राख आणि पाणी. धातू होताच. आजोबांच्या चऱ्यांत अडकून, डोळ्याला दिसणार नाही इतका, वर्षानुवर्षे तो काम करत होता आणि मी 'धातूविना' म्हणून मिरवत होते.

मी निबंध मागे घेतला. दुरुस्तीपत्रात लिहिले, 'ही बाब आमच्या लक्षात आली.' ह्यांनी ते वाचले, समासात लाल पेन्सिलीने एक खूण केली आणि लिहिले, 'नाव राहिले?' मी म्हणाले, "राहू द्या, लांबण लागेल." ह्यांनी पेन्सिल ठेवली आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा झाला. पुढच्या वर्षी मला त्याच दुरुस्तीपत्राबद्दल वैज्ञानिक प्रामाणिकपणाचा पुरस्कार मिळाला. मी व्यासपीठावर जाऊन तो घेतला. चांदीची तबकडी आहे. ती विभागातल्या मामांच्या जुन्या परातीखाली टेकू म्हणून ठेवावी, दुसऱ्या कामाची नाही.

मात्र त्या चुकीतूनच माझे खरे काम निघाले, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. धातू लागत नाही हे खोटे होते. पण तो किती थोडा पुरतो, हे आजोबांनी दाखवले होते. नंतरची बारा वर्षे मी आणि माझ्या प्रयोगशाळेतल्या मुलामुलींनी तेवढाच कण पकडून ठेवणारे मातीचे दाणे बनवले. पाण्यात टाका, काम झाले की गाळून काढा, पुन्हा वापरा. एका रंगाच्या कारखान्याने ते घेतले. वर्षभराने तिथल्या पाळीप्रमुखाने मला एक बाटली पाठवली. आत त्यांच्या नाल्याचे पाणी होते आणि चिठ्ठीत लिहिले होते, 'बाई, हे आधी जांभळं असायचं.' ती बाटली खिडकीत आहे. मला मिळालेले खरे बक्षीस तेच, आणि त्याची पहिली हकदार शंकाताई आहे.

७. नाव. गेल्या वर्षीच्या मसुद्यात मी लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर नियतकालिकाला आणि विद्यापीठाला पत्र पाठवावे, की ती चूक प्रथम शंकाताईने पकडली होती. भाचीने ते वाचून कागद खाली ठेवला.

"मावशी, हे मेल्यावर कशाला?"

"मसुदा मृत्युपत्राचा आहे म्हणून."

"माझ्याकडे अशी माणसं रोज येतात. मेल्यावर खरं सांगणारी. त्यांना खरं सांगायचं असतं, पण समोरच्याचं उत्तर ऐकायचं नसतं."

बहिणीची मुलगी आहे, तोंड बहिणीचेच आहे. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मसुदा फाडला आणि पत्रे लिहिली: नियतकालिकाला, विद्यापीठाला, आणि तिला. ह्यांनी तिन्ही तपासली आणि एकाही ठिकाणी पेन्सिल लावली नाही. नियतकालिकाने तिच्या नावासह पुरवणी छापली. विद्यापीठाने समिती नेमली आहे. समित्या कशा चालतात ते मी जाणते, म्हणून भाचीला पाठपुरावा करण्याचा अधिकार या कलमान्वये देत आहे. शंकाताई आता शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिचे उत्तर पाच आठवडे आले नाही. ते न देण्याचा तिला पूर्ण हक्क होता. मग एक ओळ आली: 'वही अजून आहे का?'

मी कळवले, आहे. गेली बावीस वर्षे माझ्याच कपाटात आहे. उघडायचे धाडस मला झाले नाही.

८. अंत्यविधी साधा करावा. भाषणे नकोत. अगदीच कोणाला राहवले नाही तर मामांना बोलू द्यावे, ते थोडक्यात बोलतात.

पुरवणी. सह्यांच्या दिवशी लिहिलेली.

आज सकाळी अकरा वाजता सह्या ठरल्या होत्या. साक्षीदार म्हणून कोपऱ्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले आणि भाचीच्या कचेरीतले कारकून येणार होते. कारकुनाला ताप आला. पावणेअकराला शंकाताई आली. वही घ्यायला यायचे तिने कळवले होते, पण दिवस सांगितला नव्हता. केस पिकलेत, चष्मा जाड झालाय, नजर तीच आहे. ह्यांनी दार उघडले आणि सवयीने विचारले, "झाली का?" ती म्हणाली, "कधीच झाली होती, सर." हे बाजूला झाले.

मी वही तिच्यापुढे ठेवली. माफी मागितली, पत्रात मागितली होती, ती पुन्हा तोंडाने मागितली. ती म्हणाली, "पत्र पोचलं, मॅडम. अठरावं पान बघितलंत का?"

मी म्हणाले, पाने सतराच आहेत.

तिने वही उघडून माझ्याकडे फिरवली. अठरावे पान होते. तारीख तिच्या शेवटच्या दिवसाची. तिच्या बारीक, सरळ अक्षरात: 'मॅग्नेट जुने (आजोबा). बाकी सर्व कोरे. अभिक्रिया झाली, शंभरात एक्याण्णव. धातू मॅग्नेटमधून येत असावा.' खाली, 'वाचले, समजले', आणि रिकामी रेघ.

"हे मला दाखवलं का नाहीस?" मी विचारले.

"याच पानावर उघडी ठेवून गेले होते तुमच्या टेबलावर. तुम्ही मिटलीत."

मला आठवले. मी मिटली होती. मी तीन देशांची पत्रे येईपर्यंत थांबले, मामांना विचारले, दोन भांडी लावली, आणि उत्तर सगळा वेळ माझ्याच कपाटात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मला रडू आले आणि मी ते आवरले नाही. ती उठून पाणी घेऊन आली. आमच्या घरातला माठ तिला न सांगता सापडला.

मग मी पेन घेतले आणि पहिल्या पानापासून अठराव्यापर्यंत प्रत्येक पान वाचून खाली सही केली, आजची तारीख घालून. पाऊण तास लागला. घड्याळवाल्या काकांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले. वही शंकाताईला आजच, माझ्या हयातीत दिली आहे. विद्यापीठाला ती परत हवी असेल तर त्यांनी माझ्यावर दावा लावावा, आणि लवकर लावावा.

दुसरा साक्षीदार अजून हवा होता. भाची फोन लावू लागली तर शंकाताई म्हणाली, "मी करते की सही."

भाचीने तिला समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केली की कलम सहामधले टेबल, पुस्तके, बाटली, सगळे गेले. पुन्हा एकदा समजावले, सावकाश.

ती म्हणाली, "कळलं मला. टेबल आहे माझ्याकडे. सही मात्र मला आजवर कुणी मागितली नव्हती."

सबब, कलम सहामधील वस्तू तिच्याऐवजी तिच्या शाळेच्या प्रयोगशाळेला द्याव्यात. तसेच या मृत्युपत्रात तिच्या पानांबाबत जेथे 'सतरा' आहे, मथळ्यासकट, तेथे 'अठरा' वाचावे. मी लिहिलेले खोडत नाही. चूक माझी होती, ती दिसू दे.

भाचीने सांगितले की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. मला सही करताना पाहिले की पुरे. घड्याळवाले काका लगेच म्हणाले, "बरं झालं," आणि चष्मा खिशात ठेवला. शंकाताई म्हणाली, "वाचल्याशिवाय मी सही करत नाही." ती सर्व पाने वाचेपर्यंत आम्ही थांबलो. ह्यांनी चहा केला. आजचा गोड होता.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, समजून उमजून केले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : १२ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी सव्वा वाजता

मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार पहिले : (सही) घड्याळदुरुस्ती, कोपऱ्यावरचे दुकान. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी : (सही) शिक्षिका, रसायनशास्त्र. बाईंनी माझ्यासमोर सही केली. वाचले, समजले.